मास्तरांचा गृहपाठ

टिळक आळी, रत्नागिरी

चि. चिऊस,


तुझा फोन आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. पोरगी डी.एड. झाली, परीक्षा दिली, जिल्हा परिषदेच्या शाळेत कायम झाली आणि आता राजीनामा देऊन पंचायत समितीला उभी राहणार, हे तुझ्या बाबांच्या पचनी पडत नाही. तुझी आई काही बोलत नाही, नुसती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत बसते. काल रात्री बाबा मला म्हणाले, ‘तू बत्तीस वर्षं गणित शिकवलंस, तुझा शब्द ती मोडायची नाही, तिला समजाव. मास्तरांनी शाळा सांभाळावी, राजकारण हे मास्तरांचं काम नव्हे.’

हे वाक्य त्यांनी कुठे बसून उच्चारलं बघ. आमच्या पडवीतून चार पावलं चाललं की टिळकांचं जन्मघर. ते टिळक १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला उभे राहिले तेव्हा तेवीस वर्षांचे होते. आणि तू रोज ज्या तालुक्यात फळा पुसतेस, त्याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले जन्मले. त्यांचं ते आजोळ. त्यांची जयंती उन्हाळ्याच्या सुट्टीत येते, म्हणून शाळांतून ती कधी साजरी होत नाही आणि आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांना या मास्तरांबद्दल एका उताऱ्यापलीकडे काही ठाऊक नसतं. मला याचं फार वाईट वाटतं.

मी तुझी समजूत घालायला लिहीत नाही. गोखल्यांबद्दल लिहिते आहे, आणि हे पत्र छापायलाही देते आहे, कारण तुझ्यासारख्या राजीनाम्याच्या कागदापाशी थबकलेल्या शिक्षिका आणखीही असतील.

वडील गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडलं, पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला पाठवले. अर्ध्याहून जास्त पगार गं! अशा पैशावर शिकलेला मुलगा १८८४ साली बी.ए. झाला, तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल? आता हा मोठ्या नोकरीत जाईल, निदान वकील होईल. तो मास्तर झाला. आधी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर, मग डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य म्हणून पंचाहत्तर रुपयांवर, वीस वर्षं सेवा करीन अशा करारावर. म्हणजे घरच्यांच्या अपेक्षेबाहेरचं पाऊल गोखल्यांनी पहिल्यांदा टाकलं ते राजकारणाकडे नव्हे, शाळेकडे. हे बाबांना मी काल सांगितलं. ते गप्प राहिले.

सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये त्यांनी गणित शिकवलं, इंग्रजी शिकवलं, इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवलं. ज्या विषयाला माणूस नसेल त्या विषयाला गोखले. दोन इयत्ता एका खोलीत बसवून शिकवणाऱ्या तुला हे वेगळं सांगायला नको. सहकारी बापटांबरोबर त्यांनी अंकगणिताचं पुस्तक केलं, ते पुढे वर्षानुवर्षं शाळांतून चाललं. सुट्ट्या लागल्या की कॉलेजच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरायचं. हे सगळं चालू असतानाच सार्वजनिक सभेचं त्रैमासिक आणि ‘सुधारक’ पत्राची इंग्रजी बाजू. आणि न्यायमूर्ती रानड्यांकडे शिकणं. सरकारी अहवाल, जमाखर्चाचे तक्ते, शेतसाऱ्याचे आकडे. रानडे वाचायला देत, टिपण करायला लावत आणि मग त्यातल्या चुका काढत. दिवसा शिक्षक आणि संध्याकाळी विद्यार्थी, अशी कित्येक वर्षं गेली.

एक नाव मात्र तू लक्षात ठेव, कारण ते कुणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. सोलापूरच्या हायस्कुलाचे हेडमास्तर. सरकारचा जमाखर्च त्यांच्याइतका खोलात जाऊन वाचलेला माणूस त्या काळी विरळा. १८९७ साली हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले, तेव्हा ते एकतीस वर्षांचेही झालेले नव्हते आणि समोर साम्राज्याच्या तिजोरीचे जाणकार बसले होते. उलटतपासणीत ते डगमगले नाहीत, कारण एकेक आकडा आधी रानड्यांच्या आणि या जोशी मास्तरांच्या हाताखालून गेलेला होता. त्यानंतर पाच वर्षांनी, मार्च १९०२ मध्ये, मोठ्या कायदेमंडळात व्हाइसरॉय कर्झनसमोर अंदाजपत्रकावर त्यांचं पहिलं भाषण झालं. तेव्हा ते कॉलेजातून निवृत्तही झाले नव्हते. सरकार म्हणत होतं, तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश सुखी आहे. गोखल्यांनी दाखवून दिलं की दुष्काळ आणि प्लेगात माणसं मरत असताना शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातो आहे. त्याही भाषणामागच्या आकड्यांत जोशी मास्तरांचा हात होता.

मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. गोखल्यांनी तो विषय वर्षामागून वर्षं लावून धरला. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एक रुपयावर. मी आठवीच्या वर्गात हे गणित घालत असे, तुला आठवत असेल. एका घराला वर्षाला एक मण मीठ लागतं असं धरा, गडी माणसाची मजुरी रोजचे तीन आणे धरा, तर या सवलतीने त्या घराची किती दिवसांची मजुरी वाचली? दीड रुपया म्हणजे चोवीस आणे, म्हणजे आठ दिवस. दाभोळ खाडीकडची एक मुलगी उत्तर काढून झाल्यावरही पाटीकडे बघत बसली होती. मी विचारलं, काय गो, चुकलं का? म्हणाली, ‘बाई, आठ दिवस म्हणजे खूप झाले.’ तिची आई कोलंबी सोलायला रोजावर जायची. त्या दिवशी मला गोखल्यांचं राजकारण जेवढं कळलं तेवढं कुठल्याही चरित्रातून कळलेलं नव्हतं.

त्यांची चूकही तुला सांगायला हवी. त्याच १८९७ साली पुण्यात प्लेगच्या झडत्या चालल्या होत्या. लंडनमध्ये असताना पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सोजिरांवर फार गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा राहीना. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली तर ती माणसं संकटात येणार. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत आणि बिनशर्त माफी मागितली. आपल्याच लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं. हा डाग पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या अंगावर फेकला गेला. मी मात्र त्यांच्या बाजूची आहे. फळ्यावर चुकलेलं उदाहरण मुलांसमोर पुसून पुन्हा मांडायला किती बळ लागतं, ते आपल्याला माहीत आहे. राजकारणात गेल्यावर तुझ्या हातूनही चूक होईल. त्या वेळी सोबतचे लोक सांगतील, गप्प बस, विसरतील लोक. तेव्हा तू काय करतेस, त्यावर मी तुला तोलणार आहे.

आता आफ्रिकेची गोष्ट. ही मला सगळ्यात जास्त आवडते आणि कोकणातल्या माणसाने तरी ती विसरू नये.

२२ ऑक्टोबर १९१२ रोजी गोखले केपटाउनला उतरले. मधुमेहाने शरीर पोखरलेलं होतं. दक्षिण आफ्रिकेत हिंदी मजुरांची दशा वाईट होती. ऊसमळ्यांवर करारावर आलेल्या मजुराला सुरुवातीला महिन्याला दहा शिलिंग, म्हणजे वर्षाला सहा पौंड मिळायचे. करार संपल्यावर तिथेच राहायचं म्हटलं तर माणशी वर्षाला तीन पौंड कर. बायकोचा वेगळा, तेरा वर्षांच्या मुलीचा आणि सोळा वर्षांच्या मुलाचाही वेगळा. हे गणित तूच कर. तिथल्या नाताळ वसाहतीत नवे मजूर पाठवू नयेत, असा ठराव गोखल्यांनी १९१० सालीच कायदेमंडळात मांडून संमत करून घेतला होता आणि पुढल्या वर्षी ती भरती बंदही झाली. आता तीन पौंडांच्या करासाठी ते स्वतः गेले होते.

केपटाउन आणि जोहान्सबर्गला कोकणी मुसलमानांची वस्ती होती. आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली माणसं. गांधीजींनी गोखल्यांना विनवलं, या लोकांशी मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत भाषांतर करतो. गोखल्यांना हसू आवरेना, कारण गांधींना मराठीचा एक शब्द बोलता येत नव्हता. गांधींचं म्हणणं असं की विषय माझ्या ओळखीचा आहे, अर्थ मला बरोबर लागेल. आणि तसंच झालं. पुढे थेट झांझिबारपर्यंत अशा सभांतून गोखले मराठीत बोलत गेले आणि गांधी भाषांतर करत गेले. कल्पना कर, कोतळूकला जन्मलेला माणूस समुद्रापार मराठीत बोलतो आहे आणि समोर खेड, दापोली, रत्नागिरीकडून पोट भरायला गेलेली माणसं ऐकत आहेत. त्यांनी कितीतरी वर्षांत एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून आपली भाषा ऐकली नसेल. हा प्रसंग वाचताना माझे डोळे दर वेळी भरतात.

पण मला तुला दाखवायची आहे ती प्रिटोरियाची आदली रात्र. दुसऱ्या दिवशी, १४ नोव्हेंबरला, तिथल्या सरकारचे जनरल बोथा आणि स्मट्स यांची भेट. गांधींनी बरोबर यायचं नाही असं ठरलेलं, म्हणजे उत्तरं सगळी एकट्याने द्यायची. गांधींनी चारही वसाहतींतल्या हिंदी लोकांचा अठरा वर्षांचा वृत्तान्त टिपून दिला होता. गोखले तो वाचत बसले, शंका विचारत राहिले, पुन्हा वाचत राहिले. स्वतः झोपले नाहीत, दुसऱ्यांना झोपू दिलं नाही. छेचाळीस वर्षांचं वय, आजारी देह, दहा वर्षं कायदेमंडळात घालवलेला जाणता पुढारी. आणि तो परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखा अभ्यास करतो आहे. भेटीहून आल्यावर त्यांनी गांधींना सांगितलं, तीन पौंडांचा कर जाईल, वर्षभरात तू हिंदुस्थानात परत ये. गांधींना तेवढा भरवसा नव्हता, आणि ते बरोबर ठरलं. सरकारने शब्द फिरवला. मग १९१३ सालचा मोठा सत्याग्रह झाला, मजूर बायापोरांसह चालत निघाले, आणि इकडे गोखले दुखणं अंगावर काढत त्यांच्यासाठी देशभर पैसे गोळा करत फिरले. कर १९१४ साली रद्द झाला.

याच दौऱ्यात गांधी त्यांना फिनिक्स आश्रमाजवळच्या ओलांगे नावाच्या शाळेत घेऊन गेले. ही शाळा काढली होती जॉन डुबे या झुलू शिक्षकाने. मुलांना अक्षरं आणि हातातलं कसब दोन्ही मिळावं म्हणून. हाच मास्तर त्याच वर्षी, जानेवारी १९१२ मध्ये, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचा पहिला अध्यक्ष निवडला गेला होता. म्हणजे त्या दिवशी समोरासमोर बसले होते दोन मास्तर, आणि दोघेही आपापल्या देशाच्या काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलेले. मुलांनी पाहुण्यांना झुलू गाणी ऐकवली. मला हेही सांगितलं पाहिजे की गोखल्यांचं त्या देशातलं सगळं काम आपल्या लोकांपुरतं होतं. आफ्रिकेच्या मूळ माणसांच्या वाट्याला त्यांनी दिला तो एवढाच थोडा वेळ. तो जास्त असता तर बरं झालं असतं. पुढे २७ एप्रिल १९९४ रोजी नेल्सन मंडेलांनी आयुष्यातलं पहिलं मत टाकलं ते याच ओलांगे शाळेत, आणि डुबे मास्तरांच्या समाधीपाशी जाऊन उभे राहिले. एका शिक्षकाने उभ्या केलेल्या चार भिंतींना एवढा मान मिळालेला दुसरा प्रसंग मला ठाऊक नाही.

परतीच्या वाटेवर गोखले दार-एस-सलामला थांबले. त्याच शहराजवळच्या एका शाळेत चाळीसेक वर्षांनी ज्युलियस न्येरेरे नावाचा तरुण शिकवत होता. १९५५ साली त्याच्यापुढे तुझ्यासारखाच पेच आला, शाळा की पक्ष. त्याने शाळा सोडली आणि टांझानियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पण लोकांनी त्याला शेवटपर्यंत ‘म्वालिमू’च म्हटलं. म्वालिमू म्हणजे गुरुजी. मूळ अरबी शब्द मुअल्लिम, आपल्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांतही तो कानावर येतो. त्याच्या हातून मोठी चूकही झाली, गावंच्या गावं जबरदस्तीने हलवली गेली आणि लोकांचे हाल झाले. तरी १९८५ साली तो आपणहून खुर्ची सोडून गावी परतला.

आता तुझ्या दुखण्याकडे येते. तुझ्या शाळेचा पट अकरा आहे. पट कमी म्हणून वाडीतली शाळा बंद करून मुलं पलीकडच्या गावच्या शाळेत पाठवायची बोलणी चालली आहेत, आणि त्यासाठीच तुला उभं राहायचं आहे, हे तू फोनवर रडत रडत सांगितलंस. मधे पऱ्या आहे आणि त्यावरचा साकव पावसात पाण्याखाली जातो. गोखल्यांनाही शेवटी हीच वेदना होती. १९११ साली या देशात शंभरातल्या जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. त्यांनी त्या वर्षी १६ मार्चला प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. किती बेताचं होतं ते! जिथे मुलं आधीच ठरावीक प्रमाणात शाळेत येतात, तिथल्या स्थानिक संस्थेला वाटलं, तर तिने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचं करावं. मुलींचं नंतर बघू. हे ‘नंतर’ मला आजही टोचतं. बडोद्यात सयाजीरावांनी याच्या कितीतरी पुढचं पाऊल आधीच टाकलेलं होतं. एवढं बेताचं विधेयकही १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात सरकारी मतं होतीच, पण जमीनदारही होते, आपलेच. त्यांना भीती ही की शेत राखायला पोरगा कुठून मिळणार.

हरणार हे गोखल्यांना माहीत होतं. तरी त्यांनी देशोदेशीची आकडेवारी जमवली, खर्च किती येईल, तो कोण किती उचलेल, हे मांडून ठेवलं. हरणाऱ्या विधेयकाचा एवढा अभ्यास कशासाठी, असं कुणी म्हणेल. पुढे १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यात कायदा केला, तेव्हा ही तयारी वाया गेली नव्हती हे दिसलं. पण गोखले तोवर नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ ला, एकोणपन्नास पुरी व्हायच्या आत, ते गेले. देशातल्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० पासून. विधेयक पडल्यापासून अठ्ठ्याण्णव वर्षं, चिऊ. आणि त्या कायद्यानंतरही तुझ्या अकरा मुलांसमोर पऱ्या आहेच.

उभी राहायचं तर राहा. राजीनाम्याच्या कागदावर सही करण्याआधी मात्र मला एक गोष्ट करून दाखव. या वर्षीचा आणि मागच्या दोन वर्षांचा हजेरीपट काढ. जून ते सप्टेंबर या महिन्यांत पऱ्यापलीकडची मुलं किती दिवस आली नाहीत, ते एकेका मुलाचं मोजून लिही. वाडीपासून त्या दुसऱ्या शाळेपर्यंत स्वतः चालत जा, भर पावसात, पहिलीतल्या पोराचा हात धरून, आणि किती वेळ लागला ते घड्याळात बघ. साकवाचा खर्च ग्रामपंचायतीच्या कुठल्या निधीतून बसतो, तो कागदही बघ. ज्या पालकांनी आपणहून मुलं खासगी शाळेच्या गाडीत बसवली, त्यांच्याही घरी जा आणि वाद न घालता का ते विचार. कदाचित त्यांचं काही बरोबर असेल.

हे सगळं घेऊन रविवारी ये. तवसाळहून सकाळची फेरीबोट धर, जयगडला बाबा गाडी घेऊन येतील. मी त्यांना सांगितलं आहे आणि ते ‘बघू’ म्हणाले आहेत. दुपारी पडवीत बसू. तू मांडायचं, मी एकेक आकड्याला हरकत घेईन. बाबांना विरोधात बोलू दे, त्यांच्या मनात जे जे आहे ते सगळं. चुकलीस तर पुन्हा मांड. रात्र झाली तरी चालेल, दिवा मालवायची घाई मला नाही.

घावनांचं पीठ भिजवून ठेवते.

तुझी
आत्या